जुलैमध्ये सासू-सासरे आणि पाच वर्षांच्या मुलीला घेऊन न्यू जर्सीहून डिस्नी वर्ल्डला जातोय. सामानात काय घ्यावं? (सासूबाई राइस कुकर घ्या म्हणतायत!)

आम्हीही असंच तीन पिढ्यांचं लटांबर घेऊन डिस्नी वर्ल्डसाठी ओरलँडोला जातो, आणि मुलांच्या सुट्ट्यांमुळे तेही भर उन्हाळ्यात. त्यामुळे तुमची धाकधूक कळतेय. कुकरचं शेवटी सांगते.

मोठ्या बॅगांचा फार विचार करू नका. टूथपेस्ट राहिली, मोजे कमी पडले, तर ओरलँडोत वॉलमार्ट आहेच. विचार करायचा तो सकाळी पार्कच्या दारापासून रात्रीच्या आतषबाजीपर्यंत पाठीवर राहणाऱ्या बॅगेचा. ती जड झाली की दुपारी दोन वाजता घरातला सगळ्यात शांत माणूससुद्धा चिडतो. जी गोष्ट दिवसातून दोनदा तरी लागणार नाही, ती हॉटेलवर ठेवा. औषधं आणि पावसाचं सामान एवढाच अपवाद.

सगळ्यात आधी पाय. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं सहज होतं. डिस्नीच्या एपकॉट या पार्कमध्ये तळ्याभोवती वेगवेगळ्या देशांचे विभाग आहेत, त्यांची नुसती एक फेरीच जवळजवळ दोन किलोमीटर भरते. सासू-सासऱ्यांना आत्ताच चांगले स्पोर्ट्स शूज घेऊन द्या आणि रोज संध्याकाळी ते घालूनच फिरायला पाठवा. नवे कोरे बूट थेट तिथे पहिल्यांदा घालायचे नाहीत. प्रत्येकाचे दोन जोड हवेत, कारण भिजलेला बूट तिथल्या दमट हवेत रात्रभरात वाळत नाही. सासूबाईंना पंजाबी ड्रेस चालत असेल तर उत्तम. साडीच नेसणार असतील तर हलकी सिंथेटिक द्या. एरवी उन्हाळ्यात आपण सुतीच म्हणतो, पण सुती साडी एकदा भिजली की दिवसभर अंगावर ओझं. आणि एक गोष्ट कुणी मोकळेपणाने सांगत नाही: घामाने मांड्या घासून सोलवटतात. सगळ्यांसाठी सायकलिंग शॉर्ट्स आणि व्हॅसलिनची छोटी डबी घ्या, पुरुषांसाठीसुद्धा.

जुलैत तापमान तेहेतीस अंशांच्या आसपास असतं, पण दमटपणामुळे ते जास्तच वाटतं. दुपारनंतर बहुतेक रोज गडगडाटी पाऊस येतो. वीज जवळ आली की उघड्यावरच्या राइड्स थांबवतात आणि सगळी गर्दी दुकानांत घुसते. गर्दीत छत्री कुणाच्या तरी डोळ्यात जाते, म्हणून पॉन्चो, म्हणजे डोक्यावरून घालायचा सैल रेनकोट घ्या. डॉलर ट्री या स्वस्त दुकानातले पातळ पॉन्चो चालतात, आत मिळतात ते बरेच महाग. माणशी दोन घ्या, कारण ओला पॉन्चो पुन्हा घडी करून बॅगेत कोंबणं हे एक स्वतंत्र दुःख आहे. फोनसाठी झिपवाल्या प्लास्टिकच्या पिशव्या ठेवा. त्या अ‍ॅनिमल किंगडम या पार्कमधल्या काली रिव्हर रॅपिड्स या पाण्यातल्या राइडलाही लागतील; तिथे नखशिखांत भिजायला होतं.

याच्या अगदी उलट, बंदिस्त शोमधला एसी इतका गार असतो की घामाने भिजलेल्या वयस्कर माणसाला हुडहुडी भरते. सासूबाईंना एक पातळ शाल द्या.

आता माझी सगळ्यात लाडकी वस्तू: पंचा. साधा, सुती, आपला पंचा. सासऱ्यांकडे असेलच, नाहीतर पुण्याहून येणाऱ्या कुणाला तरी आणायला सांगा. ओला करून मानेवर टाका, राइडची भिजलेली सीट पुसा, परेडची वाट बघताना फुटपाथवर अंथरा, मुलगी झोपली की पांघरूण करा. टर्किश टॉवेल जड होतो आणि वाळत नाही, हा तासाभरात वाळतो. माणशी एक घ्या. घडीची खुर्ची मात्र नेऊ नका, ती आत नेता येत नाही. सेल्फी स्टिकही नको, त्यावर 2015 पासून बंदी आहे.

पाण्यासाठी प्रत्येकाची बाटली घ्या, पण काचेची नको. आत पाण्याची बाटली विकत घ्यायची गरज नाही. जिथे फाउंटनचं कोक-स्प्राइट मिळतं अशा कुठल्याही काउंटरवर बर्फ घातलेल्या पाण्याचा ग्लास फुकट देतात, फक्त मागायचा. तिथल्या नळाच्या पाण्याला मात्र एक वेगळीच चव असते. इलेक्ट्रॉल किंवा लिंबू सरबताची पावडर टाकली की प्रश्न मिटतो, आणि एवढ्या घामात ती लागतेच. सुटा बर्फ आत नेऊ देत नाहीत. रात्री बाटली गोठवून पंच्यात गुंडाळून न्या, ते चालतं.

डिस्नीमध्ये बाहेरचं खाणं नेता येतं, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. अट अशी की ते गरम करावं लागू नये, काचेच्या भांड्यात नसावं आणि त्याला उग्र वास नसावा. म्हणजे दशम्या, गूळपोळी, चिवडा, शेंगदाण्याचे लाडू बिनधास्त. लसणाच्या चटणीचा निर्णय तुम्ही घ्या! लोणचं विमानात हातातल्या बॅगेत ठेवू नका, तेलामुळे अडवलं जाऊ शकतं. सगळे शाकाहारी असाल तर एक जेवण अ‍ॅनिमल किंगडम लॉज या हॉटेलमधल्या 'साना' रेस्टॉरंटमध्ये ठेवा. तिथे नान आणि सोबत चटण्या-लोणच्यांच्या वाट्या येतात, बाहेर जिराफ फिरत असतात. टेबल आधी राखून ठेवा.

मुलीसाठी स्ट्रोलर न्याच. पाच वर्षांची मुलगी आता चालते हे खरं, पण संध्याकाळी सहानंतर नाही. तो 31 इंचांहून रुंद आणि 52 इंचांहून लांब नसावा. ओढायच्या वॅगनला बंदी आहे. स्ट्रोलरच्या दांड्याला एखादी भडक ओढणी बांधा. तुम्ही राइडमध्ये असताना कर्मचारी स्ट्रोलर सरकवून ठेवतात, आणि बाहेर आल्यावर एकसारख्या शंभर स्ट्रोलरमधून आपला ओळखायचा असतो. राजकन्येचा झगा घरूनच घेऊन जा, पण आत सुती स्लिप घाला, नाहीतर तासाभरात खाजवून रडारड होते. टॅक्सीने फिरणार असाल तर कार सीट किंवा बूस्टरही लागेल. फ्लोरिडात पाच वर्षांपर्यंत कायद्यानेच लागतं. विमान कंपन्या ते बहुधा फुकट नेतात.

सासू-सासऱ्यांची औषधं मूळ पाकिटांतच, आणि दोन दिवसांची जास्त, हातातल्या बॅगेत. इन्सुलिन असेल तर प्रत्येक पार्कात फर्स्ट एड सेंटर आहे, ते फ्रीजमध्ये ठेवून देतात. बँडएडही तिथेच फुकट मिळतं, त्यामुळे अख्खी औषधपेटी बॅगेत नको. त्यांच्या व्हिजिटर इन्शुरन्सच्या कार्डाचा फोटो सगळ्यांच्या फोनमध्ये असू द्या. देशांतर्गत विमान असलं तरी ओळखपत्र म्हणून त्यांचा पासपोर्ट लागेल. निघायच्या गडबडीत हेच विसरतं. पॉवर बँकही हातातल्या बॅगेतच ठेवा. डिस्नीचं अ‍ॅप दुपारपर्यंत बॅटरी संपवतं.

आता राइस कुकर. डिस्नीच्या स्वस्तातल्या हॉटेलात राहणार असाल तर खोलीत छोटा फ्रीज आणि कॉफी मेकर, एवढंच. तिथे कुकरचा विचार सोडा. चहा पावडर, वेलची आणि गरम पाणी घालून होणारे इन्स्टंट पोहे घ्या. पण डिस्नीजवळच्या किसिमी गावात घर भाड्याने घेणार असाल तर स्वयंपाकघर पूर्ण असतं, फक्त शिट्टीचा कुकर नसतो. मग सासूबाईंचं ऐका, आणि राइस कुकरऐवजी दोन लिटरचा प्रेशर कुकर चेक-इन बॅगेत टाका. आत डाळ-तांदळाच्या पुड्या भरल्या की जागाही वाया जात नाही.