नागपुरातली कोणती जुनी सरकारी इमारत वेळ काढून बघावी?

टाऊन हॉल, विधानभवन अशा जुन्या सरकारी इमारतींपैकी नागपुरात एकच बघायला जमणार असेल तर कोणती बघावी, असं तुम्ही विचारलंय. मी सांगेन, सिव्हिल लाइन्समधलं हायकोर्ट.

बहुतेक जण घुमटाचा फोटो काढून निघून जातात. घुमट आहेच तसा. मूळ आराखड्यात तो जमिनीपासून १०९ फूट उंच आणि बाकीची इमारत साधारण ५२ फूट, त्यामुळे दुरूनही नजर आधी तिथेच जाते. पण इमारतीचा खरा जीव आत आहे. ४०० बाय २३० फुटांची ही दुमजली इमारत मधोमध बगिच्याचा चौक सोडून बांधली आहे. आपल्या वाड्यांना चौक असायचा, तसाच. फक्त मापं सरकारी.

बाबांची शेतीची केस इथे होती. शाळेला सुट्टी असली की पेशीला मलाही न्यायचे. एप्रिलच्या उन्हातून चालत आलं की मी आधी चपला काढायचो आणि व्हरांड्यातल्या शहाबादी फरशीवर उभा राहायचो. टाचांना जे गार लागायचं, ते अजून आठवतं. भिंतींना बाहेरून घडीव वालुकाश्म, आतली भरणी विटांची. अशी जाड भिंत तापायला वेळ घेते, आणि नागपूरच्या उन्हाळ्यात तेच लागतं.

आराखडा एच. ए. एन. मेड यांचा. दिल्लीतलं कॅथेड्रल चर्च ऑफ द रिडेम्प्शनही त्यांचंच. मध्य प्रांत-वऱ्हाडासाठी १९३६ मध्ये नागपूरला हायकोर्ट मिळालं. ९ जानेवारी १९३७ ला गव्हर्नर सर हाइड गोवन यांनी कोनशिला बसवली आणि ६ जानेवारी १९४० ला इमारत खुली झाली. तीन वर्षांत, ७,३७,७४६ रुपयांत! उद्घाटनाच्या वेळी व्हाइसरॉयनी तिला दगडातली कविता म्हटलं होतं, आणि मला ते जराही जास्त वाटत नाही.

पुढे १९५६ मध्ये राज्यांची पुनर्रचना झाली, नागपूरचं राजधानीपण गेलं आणि इथे मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ आलं. ते आजही याच इमारतीत आहे. राजधानी असताना हे शहर काय तोलाचं होतं, ते मला इथे जितकं जाणवतं तितकं दुसरीकडे कुठेच नाही.

ओळखीचे वकील असतील तर त्यांच्यासोबत कामाच्या दिवशी जा. सुट्टीला रस्त्यावरून घुमट तेवढा दिसतो, चौक नाही.