1969 चा 'इत्तेफाक' आज पाहण्यासारखा आहे का? त्यात एकही गाणं नाही म्हणे, मग कंटाळा येत नाही का?

जरूर पाहा, आणि गाणी नाहीत म्हणूनच पाहा. शेवट कुठेही फोडत नाही, तेव्हा निर्धास्त वाचा.

'वो कौन थी', 'गुमनाम', 'तीसरी मंझिल' या रहस्यपटांची गाणी मला तोंडपाठ आहेत. ती वगळली तर हे सिनेमे निम्मेही उरणार नाहीत. पण खून झालाय, संशय वाढत चाललाय आणि तेवढ्यात गाणं सुरू झालं, की आपण सैलावतो. पुढची चार-पाच मिनिटं कुणाच्या जिवाला धोका नाही हे आपल्याला माहीत असतं. 'इत्तेफाक'मध्ये ही सुटका मिळतच नाही. एक रात्र, एक घर, दोन माणसं आणि बाहेर पाऊस. सिनेमा जेमतेम पावणेदोन तासांचा आहे, त्यामुळे कंटाळ्याला जागाच नाही.

गोष्ट अशी: दिलीप रॉय (राजेश खन्ना) हा चित्रकार. बायकोशी कडाक्याचं भांडण होतं, पुढे तिचा खून होतो आणि आरोप त्याच्यावर येतो. मनःस्थिती तपासायला त्याला मनोरुग्णालयात ठेवतात. तिथून तो रात्री पळतो आणि एका घरात घुसतो. घरात रेखा (नंदा) एकटी, नवरा परगावी. आता ही बाई याच्या तावडीतून कशी सुटणार, अशा काळजीत आपण असतो आणि बाथटबमध्ये त्याला तिच्या नवऱ्याचं प्रेत दिसतं. ती म्हणते, तुला भास झाला. तो पुन्हा बघायला जातो तर टब रिकामा!

इथे सिनेमा आपल्याला बरोबर कोंडीत पकडतो. प्रेत आपणही पाहिलेलं असतं, पण ज्याच्या नजरेतून पाहिलं तो वेडा असल्याचं आपल्याला आधीच सांगून ठेवलेलं असतं. मग विश्वास ठेवायचा कुणावर? एरवी अशा सिनेमात खुनी कोण एवढाच प्रश्न असतो. इथे खून झाला तरी आहे का, इथपासून सुरुवात आहे.

आवाजाकडे मुद्दाम लक्ष द्या. सलील चौधरींसारखा संगीतकार असून त्यांच्याकडे फक्त पार्श्वसंगीत आहे, आणि बऱ्याच ठिकाणी तेही बाजूला होतं. मग पाऊस आणि त्या दोघांच्या हालचाली एवढंच ऐकू येतं. दिग्दर्शनाबरोबर ध्वनीसाठीही या सिनेमाला फिल्मफेअर मिळालं, ते अगदी योग्य होतं. शक्यतो हेडफोन लावून बघा.

नंदाबद्दल लिहिलंच पाहिजे. मास्टर विनायकांची ही मुलगी 'छोटी बहन'पासून सालस, सोशिक भूमिकांत अडकली होती. इथे भीती, सावधपणा आणि मध्येच त्या परक्या माणसाबद्दल वाटणारी कणव हे सगळं तिने एका रात्रीत दाखवलंय. माझ्या मते हे तिचं सर्वोत्तम काम. राजेश खन्ना सुरुवातीला जरा जास्तच आरडाओरडा करतो, पण घरात शिरल्यावर सावरतो. त्याच वर्षीच्या 'आराधना'तला लाडिक नायक इथे औषधालाही नाही, दाढीचे खुंट वाढलेला, बिथरलेला माणूस आहे. इफ्तेखारचा इन्स्पेक्टर कर्वे थोडा वेळच दिसतो, पण चोख.

मनोरुग्णालयाचा भाग मात्र आज भडक वाटतो आणि शेवटचा उलगडा घाईत उरकलाय. त्या काळाच्या मानाने ते चालवून घ्यावं.

हा सिनेमा झाला कसा, तेही मजेशीर आहे. बी. आर. चोप्रांच्या 'आदमी और इन्सान'चं चित्रीकरण अडलं होतं आणि युनिट मोकळं होतं. त्यांचे धाकटे भाऊ आणि 'इत्तेफाक'चे दिग्दर्शक यश चोप्रांनी 'धुम्मस' हे गुजराती नाटक हाती घेतलं आणि साधारण महिनाभरात सिनेमा पूर्ण केला. बिनगाण्यांचा प्रयोग या घराण्याला नवा नव्हता. 1960 चा 'कानून' बी. आर. चोप्रांनी असाच केला होता आणि त्यातही नंदा होतीच. 'इत्तेफाक' आवडला तर पुढचा 'कानून' लावा, नाना पळशीकरांसाठी तरी.

2017 साली याच नावाचा नवा सिनेमा आला, पण त्याचं कथानक बरंच बदललेलं आहे. आधी जुना बघा, आणि त्याबद्दल इंटरनेटवर काहीही वाचू नका. बहुतेक ठिकाणी पहिल्या दोन ओळींतच खुनी सांगून टाकतात.