घरचा जुना इन्व्हर्टर पिकअपमध्ये बसवून गाडीच्या बॅटरीवर चालवता येईल का?

भाऊ, तुम्ही विचारलंय की पिकअपवर शेवभाजी आणि भरीत-पुरीचं दुकान लावायचं आहे, दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेपासून सुरुवात करायची आहे, घरात ८५० व्हीएचा इन्व्हर्टर पडून आहे. तो गाडीच्याच बॅटरीला जोडला तर मसाल्याचा मिक्सर आणि चार दिवे चालतील का?

इन्व्हर्टर गाडीत खुशाल ठेवा, पण गाडीच्या बॅटरीला जोडू नका. त्याला त्याची वेगळी बॅटरी द्या, रात्री घरच्या सॉकेटवर चार्ज करा आणि संध्याकाळी धंद्यावर वापरा. मी पारोळ्यात गाड्यांचं वायरिंग करतो. ही गोष्ट मला एक गाडी पेटता पेटता वाचली त्या दिवशी पक्की कळली, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सात-आठ वर्षं झाली. माझ्या आतेभावाचा लग्नात साऊंड लावायचा धंदा होता. त्याच्या पिकअपला मीच असा इन्व्हर्टर जोडून दिला. बॉनेटमधल्या बॅटरीपासून मागच्या हौद्यापर्यंत घरच्या वायरिंगची चार स्क्वेअर एमएमची वायर ओढली, कारण त्या दिवशी दुकानात तीच होती. पत्र्याला भोक पाडलं, वायर आरपार घेतली, भोकाला रबरी बूश लावला नाही. फ्यूज लावला, पण मागे इन्व्हर्टरजवळ. धुळ्याच्या रस्त्याला लागलो आणि दहा-पंधरा मिनिटांत तो म्हणाला, "भो, जळाना वास यी राहिना" (जळल्याचा वास येतोय). बॉनेट उघडलं तर पत्र्याच्या भोकापाशी वायरीचं प्लॅस्टिक तळलेल्या पापडासारखं फुगलेलं आणि धूर निघत होता. सीटमागे दहाचा पाना होता म्हणून निगेटिव्ह टर्मिनल सोडता आलं. वायर बाजूला ओढताना वितळलेलं प्लॅस्टिक तळहाताला चिकटलं, तो डाग अजून आहे.

चूक कुठे झाली ते नीट बघा, कारण बहुतेक जण तीच करतात. हादऱ्यांनी पत्र्याची धार प्लॅस्टिकमध्ये शिरली आणि पॉझिटिव्ह वायर थेट बॉडीला लागली. गाडीची बॉडी म्हणजे बॅटरीचा निगेटिव्हच. सेल्फ मारताना बॅटरी शेकडो अँपिअर देते, तेवढाच करंट त्या बारीक वायरीतून बॉडीत वाहायला लागला. फ्यूज होता मागे, शॉर्ट झाला पुढे. करंट फ्यूजपर्यंत पोचलाच नाही, मग तो उडणार कसा? फ्यूज वायर वाचवायला असतो, म्हणून तो बॅटरीच्या टर्मिनलपासून वीतभर अंतराच्या आत पाहिजे. आणि दोन बॅटऱ्या जोडणारी वायर असेल तर दोन्ही टोकांना पाहिजे, कारण तिथे करंट दोन्हीकडून येऊ शकतो.

आता तुमच्या मिक्सरचा हिशोब. आधी मिक्सरखालची पाटी वाचा. ७५० वॉटचा असेल तर विसरा. ८५० व्हीए म्हणजे ८५० वॉट नव्हे, साधारण सहाशे ते सातशे वॉटच मिळतात, आणि मोटर सुरू होताना क्षणभर दुप्पट-तिप्पट खेचते. भाजलेलं खोबरं आणि कांदा भांड्यात दाबून भरलात की इन्व्हर्टर ओव्हरलोड दाखवून बंद पडेल. ५०० वॉटचा मिक्सर आणा आणि भांडं अर्धंच भरा.

५०० वॉट म्हणजे २३० व्होल्टवर सव्वादोन अँपिअर, काहीच नाही. पण तीच ताकद १२ व्होल्टच्या बॅटरीतून काढायची म्हटली की ४२ अँपिअर लागतात, आणि इन्व्हर्टर स्वतः वीसेक टक्के खातो ते धरून ५२. बॅटरी आणि इन्व्हर्टरमधली केबल जाड का लागते ते इथे कळतं. आतेभावाच्या गाडीत जायला चार मीटर आणि यायला चार मीटर अशी आठ मीटर वायर होती. चार स्क्वेअरच्या तांब्यात ५२ अँपिअरला तेवढ्या लांबीत जवळपास १.८ व्होल्ट वायरीतच संपतात. बॅटरीवर १२.४ असले तर इन्व्हर्टरला पोचतात १०.६. साडेदहाच्या आसपास तो 'लो बॅटरी' म्हणून शिट्टी मारतो. माणूस मग चांगली बॅटरी बदलत बसतो, दोष असतो वायरीचा. वर नव्वद-पंचाण्णव वॉटची उष्णता त्या वायरीत कोंडते ती वेगळीच. याउलट बॅटरी आणि इन्व्हर्टर शेजारी ठेवून पंचवीस स्क्वेअरची मीटरभर केबल टाकली तर एक दशांश व्होल्टसुद्धा जात नाही. केबलच्या टोकाला तांब्याचे लग (बोल्टला बसणारी भोकाची टोकं) क्रिम्पिंग मशीननेच दाबून घ्या. पक्कडने दाबलेला लग खड्ड्यांच्या रस्त्यावर महिन्याभरात ढिला होतो आणि ढिल्या जोडावरच गरमी धरते. फ्यूज शंभर अँपिअरचा, बोल्टने आवळायचा, पॉझिटिव्हवर.

तुम्ही म्हणाल, इंजिन चालू ठेवलं तर अल्टरनेटर (इंजिनवर फिरून वीज बनवणारा डायनामो) देईल की! अल्टरनेटरच्या पाटीवर जो आकडा असतो तो इंजिन पळत असतानाचा. गाडी उभी करून आयडलवर ठेवली की त्यातला बराच कमी मिळतो, आणि तासन्‌तास गरम होऊन त्याचे डायोड जातात. शिवाय डिझेलचा धूर गिऱ्हाइकाच्या ताटात. इंजिन बंद ठेवून वापराल तर गाडीची बॅटरी बसते. तिच्या प्लेटा पातळ असतात. सेल्फला दोन-तीन सेकंद जोराचा करंट देऊन लगेच परत भरून घेण्यासाठी ती बनलेली असते. रोज अर्ध्यापर्यंत उतरवली तर थोड्याच महिन्यांत निकामी होते, आणि यात्रेतून रात्री बारा वाजता निघताना सेल्फ नुसता टिक टिक करतो. एका माणसाची गाडी अशी तापीच्या काठावर थंडीत रात्रभर अडकली होती. सकाळी मी जंपर केबल घेऊन गेलो तेव्हा तो सीटवर घोंगडी पांघरून बसला होता.

म्हणून वेगळी बॅटरी. इथे लोक हमखास घरचीच १५० अँपिअर-अवरची उभी ट्यूब्युलर उचलून हौद्यात ठेवतात. मी तुम्हाला ती ठेवू देणार नाही. पाणी भरल्यावर ती पन्नास किलोच्या पुढे जाते, आत मोकळं ॲसिड असतं, वळणावर कलली की झाकणातून सांडतं. चार्ज होताना हायड्रोजन सोडते. तुमच्याकडे शेगडी पेटलेली आणि शेजारी जेवणाची ताटं. त्यापेक्षा १०० अँपिअर-अवरची सीलबंद, बिनपाण्याची बॅटरी घ्या. साधारण तीस किलो वजन. इन्व्हर्टरच्या मागे बॅटरीचा प्रकार निवडायचा छोटा स्विच असतो, तो सीलबंद बॅटरीवर करा. असा स्विच नसेल तर त्या इन्व्हर्टरवर सीलबंद बॅटरी लावू नका. ट्यूब्युलरसाठी जास्त व्होल्टेजने चार्ज होऊन ती आतून सुकते. लिथियमही जुन्या इन्व्हर्टरवर नको.

आणि इन्व्हर्टरवर बॅटरी व्होल्टेज १२ लिहिलंय याची खात्री करा. दोन बॅटऱ्यांचा २४ व्होल्टचा असेल तर हा सगळा हिशोब बदलतो.

पुरेल का? १०० अँपिअर-अवर म्हणजे १२०० वॉट-अवर, त्यातले निम्मेच वापरायचे म्हणजे ६००. मिक्सर दिवसभरात मिळून वीस मिनिटं चालेल, त्याचे पावणेदोनशेच्या आत. नऊ वॉटचे चार दिवे पाच तास, त्याचे १८०. इन्व्हर्टरचं नुकसान आणि तो नुसता चालू राहिल्याचा खर्च धरून पाचशेच्या आसपास जातं. बसतं. पण माझं ऐकाल तर दिवे १२ व्होल्टचे एलईडी लावा, सरळ बॅटरीवरून, वेगळ्या पाच अँपिअरच्या फ्यूजने. मग इन्व्हर्टर फक्त मिक्सरपुरता चालू करायचा आणि बॅटरी दुसऱ्या दिवशीही थोडी उरते. फ्रीजचा विचार मनात असेल तर या इन्व्हर्टरवर नको, कॉम्प्रेसर सुरू होताना पाच-सहा पट खेचतो.

आता जागा. तुमच्या गाडीत गॅसची टाकी असणार, म्हणून हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड, गळला की हौद्याच्या तळाशी साचतो. इन्व्हर्टरमधला रिले (आपोआप चालणारा स्विच) चालू-बंद होताना आत ठिणगी पडते. टाकी डाव्या मागच्या कोपऱ्यात असेल तर इन्व्हर्टर आणि बॅटरी उजवीकडे पुढे, केबिनच्या भिंतीला लागून, तळापासून किमान हात-दीड हात वर. मधे पत्र्याचा आडोसा. बॅटरीच्या पेटीला वरच्या बाजूने जाळी ठेवा, कारण सीलबंद बॅटरीसुद्धा जास्त चार्ज झाली तर थोडा हायड्रोजन सोडतेच आणि तो वर जातो. बॅटरी लोखंडी अँगलच्या चौकटीत, खाली रबर, वरून पट्टी, नटाला स्प्रिंग वॉशर. टर्मिनलवर रबरी टोप्या पाहिजेतच, वरून झारा पडला तर वेल्डिंगसारखी ठिणगी उडते.

इन्व्हर्टर घरासाठी बनलेला आहे, हादऱ्यांसाठी नाही. आतला ट्रान्सफॉर्मर जड असतो. एकदा झाकण उघडून त्याचे स्क्रू आणि आतली कनेक्टरं घट्ट आहेत का बघून घ्या (बॅटरी सोडून, आणि घरचा प्लग काढून). खाली रबरी पाय लावा. पंख्याकडची बाजू भिंतीला चिकटवू नका. डिसेंबरात काही वाटणार नाही, पण मे महिन्यात आपल्याकडे भुसावळ-जळगावला पारा ४५ च्या वर जातो तेव्हा बंद हौद्यात बॅटरीचं आयुष्य झपाट्याने घटतं. उन्हाळ्यात गाडी सावलीलाच लावा.

२३० व्होल्टच्या बाजूला सहा अँपिअरचा एमसीबी (जास्त करंट झाला की पडणारा स्विच) आणि तीन पिनांचं झाकणवालं सॉकेट. मिक्सरची अर्थ पिन, इन्व्हर्टरची बॉडी आणि हौद्याचा पत्रा हे तिन्ही एका हिरव्या वायरीने बांधून घ्या. न्यूट्रल मात्र स्वतः होऊन चेसिसला जोडू नका. काही इन्व्हर्टर तसं केलं की लगेच उडतात, आणि न्यूट्रल बांधलेला नसेल तर आरसीसीबी (शॉक लागला की वीज तोडणारा स्विच) नुसता लावून उपयोग होत नाही. एवढं काम परवानाधारक इलेक्ट्रिशियनला तुमच्या इन्व्हर्टरची माहिती दाखवून करून घ्या. ओल्या हाताने, चिखलात उभं राहून मिक्सर लावायचा असतो, इथे पैसे वाचवू नका.

वेगळ्या बॅटरीच्या या पद्धतीचा आणखी एक फायदा आहे. कंपनीच्या वायरिंगला हात लागत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांवर बंधन घालतं, आणि आग लागली तर विमावाले पहिल्यांदा बाहेरून ओढलेली वायर शोधतात.

रोजची पद्धत अशी ठेवा. रात्री घरी आलात की हौद्यातून एक्स्टेंशन न टाकता, जाड वायरीने सरळ भिंतीच्या सॉकेटला चार्जिंग लावा. निम्मी उतरलेली बॅटरी दहा अँपिअरने भरायला सहा-सात तास लागतात, मधे लाईट गेली तर जास्त. सकाळी प्लग काढण्याआधी इन्व्हर्टरचा पुढचा स्विच बंद करा. हा घरचा इन्व्हर्टर आहे, प्लग काढला की त्याला वाटतं लाईट गेली आणि तो लगेच चालू होतो. मग हौद्यातलं सॉकेट तुमच्या नकळत जिवंत राहतं, आणि तासाला एक-दीड अँपिअर-अवर खात तो संध्याकाळपर्यंत बॅटरीतला दहा-पंधरा टक्के माल संपवतो.

इन्व्हर्टरच्या मागच्या पाटीवर जे जे लिहिलंय ते आणि मिक्सरचे वॉट इथे खाली लिहा. केबल आणि फ्यूज नक्की कोणता घ्यायचा ते बघून सांगतो.