द्राक्ष पॅकहाउसमध्ये डी४०५ कॅमेऱ्याच्या डेप्थमध्ये भोकं का पडतात?

पिंपळगावच्या शेडमध्ये दुपारी दारातून ऊन, रात्री ट्यूबलाइट, आणि घडांच्या डेप्थमध्ये (प्रत्येक बिंदूचं अंतर दाखवणाऱ्या चित्रात) भोकं, म्हणजे अंतर न मिळालेल्या रिकाम्या जागा, असा तुमचा प्रश्न. रिअलसेन्स डी४०५ या दोन भिंगांच्या कॅमेऱ्यात अदृश्य प्रकाशाचे ठिपके टाकणारा इन्फ्रारेड प्रोजेक्टरच नाही. ७ ते ५० सेंमीत तो दिसणाऱ्या प्रकाशावरच दोन्ही भिंगांच्या चित्रांची जुळणी करून अंतर काढतो. म्हणून उजेडच सुधारा.

ऑटो एक्सपोजर (प्रकाश घेण्याचा वेळ आपोआप ठरणं) बंद करून तो वेळ १०,००० मायक्रोसेकंद, म्हणजे १० मिलिसेकंद ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा लुकलुकते. एक्सपोजर १० मिलिसेकंदांच्या पटीत असेल तर या लुकलुकीने चित्राचा उजेड कमी-जास्त होत नाही. अंधारलं तर गेन (कॅमेऱ्यातला सिग्नल वाढवणं) नको, दिवा वाढवा. उघडा एलईडी मात्र नको: मण्यांवरची चकाकी दोन्ही भिंगांना वेगवेगळ्या जागी दिसते, अंतर चुकतं. दिव्यापुढे दुधी ॲक्रिलिक लावा. पांढऱ्या गुळगुळीत क्रेटवर जुळणीला खूणच मिळत नाही, म्हणून त्याच्या तळाशी आत ठिपक्यांचा कागद हवाच. उन्हाला पडदा.