वाचक विचारतात : पौलाच्या पत्रांतला मृत्यू आणि आपला यम

प्रश्न : ठाण्यात चरईला आमचे सात-आठ जणांचे वाचनमंडळ आहे. बायबलच्या नव्या करारात, पौलाच्या पत्रात, मृत्यू ‘राज्य करतो’ असे वाचले. एक सदस्य म्हणतात, हा आपला यमच. दुसरे म्हणतात, नुसता अलंकार. खरे काय?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : आमच्या मते दोन्ही नाही. यम हा धर्मराज आहे, त्याचा कारभार न्यायाचा. नचिकेता त्याच्या दारी तीन रात्री थांबतो आणि विद्या घेऊन परततो. सावित्री त्याच्याकडून वर मिळवते. पौल हा येशूचा आद्य प्रचारक; त्याच्या पत्रांत जो मृत्यू येतो, त्याच्याकडून मिळवण्यासारखे काहीच नाही. तो गादी बळकावून बसलेला राजा आहे. रोमकरांस पत्र ५:१२ (अध्याय ५, ओवी १२) मध्ये पापाच्या मागोमाग तो जगात शिरतो, ५:१४ मध्ये आदामापासून मोशेपर्यंत राज्य करतो, आणि ६:९ मध्ये ख्रिस्तावर त्याची सत्ता उरत नाही. ६:२३ मधल्या पापाच्या ‘वेतना’साठीचा ग्रीक शब्द तर शिपायांच्या पगारासाठी वापरला जाई.

मराठी वाचकाची इथे एक अडचण होते. ‘मृत्यूने गाठले’, ‘मृत्यू ओढून घेऊन गेला’ हे आपण रोज बोलतो, त्यामुळे कान हे शब्द सहज सोडून देतो. म्हणून पेन्सिल घेऊन रोमकरांस पत्राच्या ५ व ६ या अध्यायांत ‘मृत्यू’ किंवा ‘मरण’ जिथे कर्ता आहे तिथले क्रियापद अधोरेखित करा. मग करिंथकरांस पहिले पत्र १५:२४-२६ काढा. तिथे सगळे अधिपती, अधिकारी आणि सामर्थ्ये नाहीशी होतात आणि शेवटचा शत्रू म्हणून मृत्यूचा नंबर लागतो. रोमकरांस ८:३८-३९ मधल्या दहा गोष्टींच्या यादीतही तो देवदूत आणि अधिपती यांच्याच रांगेत आहे. नुसता अलंकार त्या रांगेत कशाला बसवतील?

तरीही पौल त्याला चेहरा देत नाही, बोलू देत नाही. उलट करिंथकरांस पहिले पत्र १५:५५ मध्ये पौलच त्याला हाक मारून विचारतो, तुझी नांगी कुठे आहे? हे शब्द जुन्या करारातल्या होशेय या पुस्तकातून, १३:१४ वरून घेतलेले. होशेयाच्या जुन्या ग्रीक भाषांतरात दुसरी हाक अधोलोकाला, म्हणजे मेलेल्यांच्या ठिकाणाला, आहे. पौलाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत दोन्ही हाका मृत्यूलाच आहेत. हा बदल आम्हांला फार बोलका वाटतो.

मृत्यूला रूप येते ते नव्या कराराच्या शेवटच्या पुस्तकात, प्रकटीकरण ६:८ मध्ये. चौथा घोडा, स्वाराचे नाव मृत्यू, मागे अधोलोक. घोड्याच्या रंगाचा ग्रीक शब्द त्याच पुस्तकात ८:७ मध्ये हिरव्या गवतासाठी आला आहे, तेव्हा ‘फिकट’ वाचताना प्रेताची हिरवट कळा डोळ्यांपुढे आणा. वाचा फुटते ती आणखी पुढे : ३७३ मध्ये वारलेल्या सिरियाच्या एफ्रेम या ख्रिस्ती कवीच्या स्तोत्रांत मृत्यू आणि सैतान एकमेकांशी चक्क वाद घालतात.

अधोलोक म्हणजे नरक असे मात्र धरू नका. ते मेलेल्यांचे ठिकाण. प्रकटीकरण २०:१४ मध्ये मृत्यू आणि अधोलोक दोघेही अग्नीच्या सरोवरात टाकले जातात. अधोलोकच नरक मानला तर त्या ओळीला अर्थच उरत नाही.

प्रश्न : पौलाच्या नावावरील पत्रांतले ‘अधिपती व अधिकारी’ म्हणजे नेहमी दुष्ट आत्मेच का?
— एक वाचक, नेरूळ

उत्तर : नाही. रोमकरांस १३:१ मधले अधिकारी माणसेच आहेत. सहाव्या-सातव्या ओवीत कर भरायला सांगितले आहे, आणि कर आत्म्यांना भरत नाहीत. इफिसकरांस ६:१२ मध्ये मात्र ‘रक्तमांसाशी नव्हे’ असे स्पष्ट म्हटले आहे. कलस्सैकरांस पत्रात दोन्ही बाजू दिसतात. १:१६ मध्ये ही सामर्थ्ये ख्रिस्ताच्या ठायी निर्माण झालेली आहेत, म्हणजे मुळात वाईट नाहीत. २:१५ मध्ये त्यांची शस्त्रे काढून घेऊन त्यांची जाहीर धिंड काढली जाते, जशी विजयी रोमन सेनापती हरलेल्यांची शहरातून काढत असे. शब्द तोच असला तरी पुढच्या चार-पाच ओव्या वाचल्याशिवाय अर्थ ठरवू नका.