महाधमनीचा फुगवटा : पोट उघडायचं की जांघेतून स्टेंट घालायचा?

प्रश्न : वडील ७१ वर्षांचे. प्रोस्टेटसाठी सोनोग्राफी केली, त्यात पोटातल्या महाधमनीला ५.७ सेंमीचा अ‍ॅन्युरिझम (फुगवटा) निघाला. त्रास काही नाही. एक डॉक्टर पोट उघडून ऑपरेशन करा म्हणतात, दुसरे जांघेतून स्टेंट घाला म्हणतात. कुणाचं ऐकावं? — एक वाचक, सांगली

उत्तर : सीटी अँजिओग्राफी (धमन्या दाखवणारा सीटी स्कॅन) होईपर्यंत कुणाचंच नाही. ऑपरेशन लागेल, हे मात्र जवळपास नक्की. पोटात महाधमनीची रुंदी साधारण २ सेंमी असते. फुगवटा पुरुषांत ५.५ आणि बायकांत ५ सेंमीपर्यंत पोचला की ऑपरेशनचा विचार करतात. दुखत नाही म्हणून थांबू नका. बहुतेकांना तो फुटेपर्यंत पत्ता लागत नाही.

सीटीत बघायची ती ‘मान’, म्हणजे मूत्रपिंडाच्या धमन्यांखाली आणि फुगवट्याच्या वर उरलेला निरोगी भाग. नेहमीच्या स्टेंट ग्राफ्टला (कापड चढवलेल्या स्टेंटला) ती निदान १० ते १५ मिमी लांब हवी, फार वाकडी नको, आत गुठळी नको. ग्राफ्ट मानेपेक्षा १० ते २० टक्के मोठा घेतात. तो टाक्यांवर नाही, स्वतःच्या ताणावर आणि बारीक आकड्यांवर धरून राहतो. मान आखूड असली की वरून रक्त पिशवीत, म्हणजे फुगवट्यात, शिरतच राहतं. कमरेतल्या धमन्या अरुंद असल्या तरी अडतं : ग्राफ्ट नेणारी नळी चढत नाही, जोर केला तर धमनी फाटते.

पोट उघडून करताना हेपॅरिन (रक्त गोठू न देणारं औषध) देऊन फुगवट्याच्या वर-खाली क्लॅम्प (चिमटे) लावतात. पिशवी उभी चिरून गुठळी काढतात, कण्याकडून उलटं रक्त सोडणाऱ्या वाहिन्या आतूनच शिवतात आणि डॅक्रॉनची (कृत्रिम कापडाची) नळी जोडतात. शेवटी पिशवीचीच भिंत नळीवर ओढून शिवतात. यात हयगय झाली तर नळी आतड्याला घासते आणि काही वर्षांनी जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. क्लॅम्प काढताच रक्तदाब कोसळतो, म्हणून हृदय आणि फुप्फुसांची तपासणी आधी. सिगारेट आजच बंद.

ब्रिटनच्या ‘ईव्हार-१’ चाचणीत पहिल्या ३० दिवसांतले मृत्यू स्टेंटमध्ये १.७ टक्के, उघड्या शस्त्रक्रियेत ४.७ टक्के होते. पुढच्या काही वर्षांत हा फायदा पुसला गेला. मान चांगली आणि हृदय किंवा फुप्फुसं कमजोर असतील तर आम्ही स्टेंट म्हणू. प्रकृती ठणठणीत, मान आखूड किंवा दरवर्षी तपासणीला येणं जमणार नसेल, तर पोट उघडणंच बरं.

प्रश्न : स्टेंटनंतर महिन्याने सीटीत ‘एंडोलीक’, म्हणजे पिशवीत रक्ताची गळती, दिसली. पुन्हा ऑपरेशन का?

उत्तर : गळती कुठून, ते विचारा. बाजूच्या बारीक वाहिन्यांतून उलटं येणारं रक्त म्हणजे टाइप २. ही सर्वांत जास्त आढळते, पुष्कळदा आपोआप थांबते आणि पिशवी वाढत नसेल तर नुसतं लक्ष ठेवतात. ग्राफ्टच्या टोकाशी गळणारी टाइप १ आणि सांधा सुटून किंवा कापड फाटून होणारी टाइप ३ मात्र दुरुस्त करावीच लागते, तीही लगेच. कारण तिथे पिशवीवर पुन्हा धमनीचा पूर्ण दाब येतो.