छताच्या नव्या गिलाव्याला रंग कधी द्यावा?

गिलावा होऊन दहा दिवस झाले, आता रंग लावू का, असे आपण विचारता. आपला उत्साह समजतो, परंतु सिमेंट-वाळूच्या नव्या गिलाव्यावर दहाव्या दिवशी रंग लावू नका. पहिले ७ दिवस त्यावर पाणी मारावे लागते. सुकण्याचा काळ त्यानंतर सुरू होतो, आणि बहुतेक नवखे दिवस मोजताना इथेच चुकतात. पाणी मारणे थांबल्यापासून साधारण २८ दिवस थांबावे, कोकणातल्या पावसाळ्यात त्याहूनही अधिक, कारण हवाच दमट असेल तर छतातील ओल जाणार कुठे?

हाताला कोरडे लागले, एवढ्यावर विसंबू नका. गडद डाग जाऊन सगळे छत एकसारखे फिकट दिसू लागले, की प्लास्टिकचा हातभर तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने घट्ट लावून २४ तास ठेवा. आतून दव साचले, तर आणखी आठवडाभर थांबा. मीही एकदा हॅलोजनचे दिवे लावून घाई केली होती: वरचा थर वाळला, आतला नाही, आणि महिन्याभरात रंगाचे पापुद्रे सुटले.

खिडक्या मात्र उघड्या ठेवा. पांढरा क्षार फुटलाच, तर तो कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुऊ नका. पुट्टी (पृष्ठभाग गुळगुळीत करणारा लेप) आणि प्रायमर (रंगाआधीचा अस्तराचा हात) यांचा विचार तूर्त नको.